कागदाचा तपास कोण लावणार?

नंदुरबार तालुक्यातील रनाळे येथे मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सायंकाळी आम्ही एका कुटुंबाच्या घरी प्रार्थनेसाठी गेलो होतो. प्रार्थना आटोपली, चहा झाला आणि मुलांची चुळबूळ सुरू झाली. त्यांच्या मालिकेची वेळ झाली होती. धर्मगुरू समोर बसलेले असताना दूरचित्रवाणी संच लावावा की नाही, या संकोचातून आम्हीच त्यांची सुटका केली. बाहेर पाऊस होता, रस्ता चिखलाचा होता, लगेच निघणे शक्यच नव्हते. आम्हीही खाटेवर बसून तो भाग शेवटपर्यंत पाहिला.

मालिकेचे नाव मुद्दाम देत नाही. आमचे भांडण एका लेखकाशी किंवा एका वाहिनीशी नाही, आणि त्या भागाचा साचा इतका परिचित आहे की वाचकांनी तो निरनिराळ्या वेषांत अनेकदा पाहिला असेल. गावातील एक वयस्क सावकार आपल्या वाड्यात मृत सापडतो. पोलीस येतात. तिजोरी जशीच्या तशी असते. म्हणजे चोरी नाही. संशय एकामागून एक घरातल्या सर्वांवर फिरतो. शेवटी कळते की सावकाराचा हिशेब लिहिणारा, सर्वांशी गोड बोलणारा तरुण दिवाणजी खोट्या नावाने तेथे राहत होता. वीस वर्षांपूर्वी ज्या शेतकऱ्याची जमीन त्या सावकाराने गिळली, त्याचा तो मुलगा. वरिष्ठ अधिकारी त्याच्या कानशिलात लगावतात, तो घडाघडा सारे ओकतो, हातांत बेड्या पडतात. जाता जाता अधिकारी गंभीर चेहऱ्याने सांगतात की अन्याय झाला तरी कायदा हातात घेऊ नये. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दाराजवळ भिंतीला टेकून घरातील आजोबा बसले होते. सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे गृहस्थ. गाव त्यांना ‘बाबा’ म्हणते, आम्हीही तेच म्हणतो. ते आमच्याकडे वळून अहिराणीत म्हणाले, “फादर, पोऱ्या धराई गया, पन कागद कोठे शे?”

मुलांना तो प्रश्न कळला नाही. आम्हांस कळला, आणि त्या रात्री झोप लागली नाही. का लागली नाही, ते पुढे सांगू. कारण हा लेख दूरचित्रवाणीच्या विरोधात आहे तितकाच तो आमच्याही विरोधात आहे.

गुन्हेशोधाच्या मालिकांचे आम्ही सरसकट शत्रू नाही, हे आधी सांगितले पाहिजे. मराठी घरांना या प्रकाराची गोडी ‘एक शून्य शून्य’ने लावली. तेव्हा वाहिनी एकच होती. त्याच बी. पी. सिंग यांनी पुढे ‘सीआयडी’ काढली. तिचा पहिला भाग २१ जानेवारी १९९८ रोजी दाखवला गेला. त्याच वर्षी १ जुलैला जुन्या धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. म्हणजे आमचा जिल्हा आणि ती मालिका एकाच वयाची. २०१८पर्यंत तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले आणि डिसेंबर २०२४मध्ये ती पुन्हा सुरू झाली. २००४ साली तिने १११ मिनिटांचा एक भाग एकाच सलग चित्रणात, मध्ये कोठेही न थांबता पुरा केला. हे कसब आहे. ते नाकारणे कोतेपणाचे ठरेल. शिवाजी साटम हे गुणी अभिनेते आहेत. नटाचा पेशा पत्करण्यापूर्वी ते बँकेत अधिकारी होते, हे वाचल्यापासून आमच्या मनात एक खोडकर विचार येतो, की कर्जाचा कागद कसा वाचावा हे त्या साऱ्या पथकात खरोखर ठाऊक असलेला माणूस प्रद्युम्नसाहेबांच्याच खुर्चीत बसला होता!

तर मग तक्रार कशाची? हिंसाचाराची? ती तक्रार आमचे अनेक धर्मबंधू करतात आणि ती खोटी नाही. पण आमच्या मते ती वरवरची आहे. आमची तक्रार अशी की जुने कर्ज आणि फसवणूक हा विषय हातात घेऊन या मालिका फसवणूक भलत्याच ठिकाणी दाखवतात. त्या भागात फसवणारा कोण ठरला? खोटे नाव घेणारा कर्जदाराचा मुलगा. सावकाराने वीस वर्षांपूर्वी जमीन कशी गिळली, हे एका वाक्यात उरकले. ‘धोख्याने घेतली’ एवढेच. तो धोका कसा झाला, कोणी लिहिला, कोणी वाचून दाखवला, साक्षीला कोण होते, नोंद कोणी केली, यातले काहीही नाही. विषाच्या बाटलीवरील बोटांचे ठसे शोधायला प्रयोगशाळा आहे. कागदावरील अंगठा कोणाला दिसत नाही.

वास्तविक या देशातील कर्जाच्या फसवणुकीचा इतिहास हा जवळजवळ सारा अंगठ्याचा इतिहास आहे. १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीन वर्षांपर्यंतच दाव्यास चालेल, म्हणजे व्याज वर्षानुवर्षे साचत जाणार नाही, असा हेतू. हेतू चांगला होता. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार कुणब्याला बोलावी, मुद्दल आणि थकलेले व्याज यांची बेरीज करी, तिलाच नवे मुद्दल म्हणे आणि नव्या खतावर अंगठा घेई. जुने खत फाडले की नाही, हे विचारण्याची कुणब्याची प्राज्ञा नव्हती. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, असा दामदुपटीचा जुना नियम होता. पण व्याजच मुद्दल होऊन बसल्यावर तो नियम लावायचा कशाला? कर्जदाराचे रक्षण करण्यासाठी केलेला कायदाच त्याच्या गळ्याचा फास झाला. यात कोणी विष घातले नाही, कोणी वेषांतर केले नाही. दुपारच्या वेळी, ओसरीवर, पान खात खात हे होई.

आणि कर्जदाराने सूड घेतला तो कसा? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या गावी लोक जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. लोण पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील गावोगाव पसरले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून शाळेत आपण जे शिकलो, ते हेच. त्या लोकांनी काय मागितले? खते. दस्तऐवज. वह्या. जेथे मिळाले तेथे ते चव्हाट्यावर आणून जाळले. माणसांच्या अंगाला हात लावण्याचे प्रकार फार थोडे झाले. अक्षरशत्रू म्हणून हिणवलेल्या त्या शेतकऱ्यांना नेमके ठाऊक होते की गुन्हा कोठे आहे. तो सावकाराच्या देहात नव्हता, त्याच्या पेटीत होता. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यातील मुख्य गोष्ट अशी की न्यायालयाने केवळ खतावर विसंबू नये. व्यवहाराच्या मुळाशी जावे आणि पहिल्या रुपयापासून हिशेब तपासावा. दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारच्या न्यायाधीशाला जो तपास करायला सांगितला होता, तो आजच्या मालिकेतील एकाही अधिकाऱ्याला सुचत नाही!

कोणी म्हणेल, कागद पडद्यावर दाखवून नाट्य कसे निर्माण होणार? हा आक्षेप अज्ञानाचा आहे. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपट्यांची, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकार जमीन घेतो, शेतकरी गाव सोडून शहरातील गिरणीत मजूर होतो. बोलण्याचीसुद्धा सोय नसलेल्या त्या चित्रपटाने हे प्रेक्षकांना समजावून दिले. बिमल रॉय यांच्या १९५३च्या ‘दो बिघा जमीन’मध्ये शंभू पासष्ट रुपयांचे देणे फेडायला जातो आणि जमीनदाराच्या हिशेबात ते दोनशे पस्तीस निघते. त्या दोन आकड्यांतील अंतरात जे नाट्य आहे ते दहा खुनांत नाही. म्हणजे पडद्याला कागद दाखवता येतो. दाखवायचा नसतो, हे खरे.

का नसतो? आमचा तर्क असा. खुनी माणूस पाहणाऱ्याहून वेगळा असतो. बेड्या त्याच्या हातांत पडल्या की पाहणारा निश्चिंत होऊन जेवायला बसतो. कागद मात्र अनेकांच्या हातांचा असतो. लिहिणारा, वाचणारा, साक्ष देणारा, नोंद घेणारा, आणि ज्याला सारे ठाऊक असून जो गप्प बसला तो शेजारी. त्याचा तपास सुरू केला तर पाहणाऱ्यालाही आपले हात पाहावे लागतील, आणि जाहिरातदाराला ते परवडत नाही.

आता आमच्या भागाकडे येतो. खानदेशात ही गोष्ट पुस्तकातील नाही. तापीकाठची काळी जमीन भिल्लांच्या हातून कशी गेली, हे शहादा-तळोद्याकडील कोणताही म्हातारा सांगेल. धान्य उसने घ्यायचे ते सव्वाईने किंवा दिडीने. पोते नेले तर सुगीला सव्वा पोते किंवा दीड पोते परत. एक वर्ष पाऊस हुकला की पुढच्या वर्षीची दिडी मागच्या दिडीवर चढते. मग शेत लिहून द्यायचे आणि त्याच शेतात सालदार म्हणून राहायचे. आखाजीला साल ठरते, उचल मिळते, ती वर्षभर फिटत नाही, पुन्हा आखाजी येते. १९७०नंतर शहाद्याला अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणाच्या पुढाकाराने लोक उभे राहिले आणि १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. तेव्हा लोकांची एक मुख्य मागणी हीच होती की आमच्या जमिनी कोणत्या कागदावर गेल्या ते दाखवा. १९७४ साली कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत करण्याची तरतूद त्यात आली, आणि पुढे शासनाच्या परवानगीवाचून अशी जमीन घेता येऊ नये, असेही ठरले. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली.

कायदा आला की फसवणूक नवा वेष घेते. येथे आम्ही मालिकावाल्यांना खरे वेषांतर दाखवतो. नड आहे, लाखभर रुपये हवेत. देणारा म्हणतो, गहाण नको, त्याला कटकट फार. खरेदीखतच करू, पैसे परत केलेस की उलट खरेदी करून देतो. ही दुसरी अट तोंडी. कागदावर ती नसते. आणि जी अट त्याच दस्तात लिहिलेली नाही, तिच्या आधारे ‘हे गहाण होते’ असे म्हणण्याची वाट कायद्याने जवळपास बंद केली आहे. दुय्यम निबंधकांसमोर विचारतात, पूर्ण रक्कम मिळाली का? नडलेला माणूस मान हलवतो, कारण नाही म्हटले तर मिळायचे तेही मिळणार नाही. जमीन आदिवासीची असेल तर खरेदीदार म्हणून देणाऱ्याचे नाव नसतेच. त्याच्याच एखाद्या आदिवासी सालदाराचे असते. सातबारावर नाव सालदाराचे, पीक मालकाचे. सालदारालाही कित्येकदा ठाऊक नसते की आपण जमीनदार झालो आहोत. यापेक्षा अचाट खोटे नाव कोणत्या मालिकेत पाहिले आहे?

असाच एक कागद बाबांचा. साडेतीन एकर कोरडवाहू. साल २०११, मुलीच्या आजारपणात. आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे झोप आली नाही. त्या कागदावर साक्षीदार म्हणून एक सही आमची आहे.

तेव्हा आम्ही याच भागातील दुसऱ्या धर्मग्रामात होतो. दोन्ही बाजू ओळखीच्या. देणारा मनुष्य भला समजला जाणारा, आमच्या शाळेच्या बांधकामाला विटा देणारा. “फादर, तुम्ही असलात म्हणजे बाबांनाही विश्वास वाटेल,” असे तो म्हणाला आणि आम्हांस ते आवडले. आमची समजूत अशी की हे गहाण आहे. समजूत! सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची आणि ईशज्ञानाची वर्षे काढली, लॅटिन वाक्यांचे अन्वय लावले, परिषदांचे दस्तऐवज परिच्छेद क्रमांकांसह पाठ केले. आणि तीन पानांचा मराठी कागद वाचला नाही. वर मोठ्या अक्षरांत ‘खरेदीखत’ असे लिहिले होते. बाबांना वाचता येत नव्हते. आम्हांस येत होते. बाबांनी अंगठा दिला तो आमच्या तोंडाकडे पाहून.

मालिकेत अशा साक्षीदाराला एक प्रवेशसुद्धा मिळत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की त्या आमचा बचाव करतात. आमच्यासारख्या हजारो प्रतिष्ठितांचा: तलाठ्यांचा, शिक्षकांचा, पुढाऱ्यांचा, धर्मगुरूंचा. आम्ही खून केला नाही. मग आमचा त्या गोष्टीत काय संबंध?

दुसरी गोष्ट त्या थपडेची. या मालिकांत सत्य थपडेतून निघते. मुलांना ते फार आवडते. आमच्या शाळेच्या पटांगणात मधल्या सुट्टीत पोरे ‘दया’ होऊन दारे तोडतात आणि एकमेकांच्या कानाखाली वाजवतात. पण पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे तत्त्व १८७२च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. ते उगीच नाही. मार खाऊन माणूस काय वाटेल ते कबूल करतो, आणि आपल्याकडे मार कोणाला बसतो? भिल्ल-पारध्यांच्या वस्तीवर जाऊन विचारावे. खतावर अंगठा घेणाऱ्या हाताला पोलीस ठाण्यात खुर्ची मिळते. अंगठा देणाऱ्याला उकिडवे बसवतात. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मालिका पाहून वाढलेल्या मुलाला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण संशयिताचा चेहरा कसा असतो हे त्याला शिकवून झाले आहे: तो देणेकरी असतो.

कबुलीबद्दल आम्हां कॅथलिकांना थोडे अधिक ठाऊक असायला हवे. पापनिवेदनाच्या कठड्याशी कोणी आपणहून येतो, आणि चोरलेले कबूल केले की काम संपत नाही. जे घेतले ते परत करण्याचे बंधन शिल्लक राहते. जक्कय झाडावरून उतरला तो रडून मोकळा झाला नाही. फसवून घेतलेले चौपट परत करतो असे त्याने आकडा लावून सांगितले. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या ग्रीक पाठात, आपण ज्याला ‘अपराध’ म्हणतो तेथे देणे या अर्थाचा शब्द आहे. रोज सकाळ-संध्याकाळ आपण ते म्हणतो आणि आपल्याच घरातील कपाटात शेजाऱ्याचे खरेदीखत असते. राग येऊ देऊ नये. हे त्रैमासिक ज्या घरांत वाचले जाते तेथे शेकडा तीन, शेकडा पाच महिना असे पैसे फिरवणारी मंडळी मुळीच नाहीत असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय? मिस्सेला पहिल्या बाकावर बसणारी, सणाला उदार हस्ते देणगी देणारी. ती देणगी आम्ही घेतो. पावती देतो. पैसा कोठून आला, हे विचारत नाही.

‘फादर, ही करमणूक आहे, इतके मनावर काय घेता? शिवाय शेवटी गुन्हेगार पकडला जातोच,’ असे एका तरुण पालकाने आम्हांस परवा ऐकवले. पकडला जातो, मान्य. पण कोणत्या गुन्ह्याचा? त्या भागाच्या शेवटी सावकाराच्या वारसांना वाडा मिळाला. तिजोरी मिळाली. म्हणजे त्या शेतकऱ्याची जमीनही त्यांनाच राहिली! कायदा हातात घेऊ नये असे बजावणाऱ्या अधिकाऱ्याने, कायद्याच्या हातात ती जमीन कशी द्यावी याचा एक शब्द उच्चारला नाही. सांगण्यासारखे होते. मुंबई सावकारी अधिनियम १९४६च्या जागी २०१४ साली महाराष्ट्रात नवा सावकारी नियमन कायदा आला आहे. परवाना नसताना सावकारी करणे गुन्हा आहे, आणि अशा सावकारीत गेल्या पंधरा वर्षांत घेतलेली जमीन परत करण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतात. कागदावर ‘खरेदी’ असे लिहिलेले असले तरी चौकशी करता येते. हे एक वाक्य त्या भागात असते तर त्या रात्री किती घरांत लोक ताठ उठून बसले असते! आणि त्यासाठी खुनाचे रहस्य एक मिनिटही आधी फोडावे लागले नसते.

शिवाय करमणूक म्हणायचे तर ती निदान खऱ्याशी इमान राखणारी तरी असावी. जुन्या कर्जामुळे महाराष्ट्रात कोण मरतो? सावकार? गेली पंचवीस-तीस वर्षे विदर्भ-मराठवाड्यातून, आणि आमच्या खानदेशातूनही, ज्या बातम्या येतात त्यांत मरतो तो कर्जदार, आणि तो स्वतःच्या हाताने मरतो. त्याच्या घरच्यांना एक लाख रुपयांची मदत द्यावी असे शासनाने २००५-०६मध्ये ठरवले. अट अशी की कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे. बिनपरवाना सावकार पावती देत नाही. म्हणजे मरणाऱ्याजवळ मेल्यानंतरसुद्धा दाखवायला कागद नाही! ज्या कागदाने जमीन घेतली तो पक्का, आणि ज्याने मदत मिळायची तो अस्तित्वातच नाही. या गोष्टीत रहस्य नाही असे कोणत्या लेखकाला वाटते? त्याने चार दिवस आमच्याकडे यावे. राहण्याची सोय आम्ही करू. जेवायला भाकरी आणि नंदुरबारची मिरची मिळेल.

आमच्या कुटुंबांनी मालिका पाहू नये असे आम्ही म्हणत नाही. तसे फर्मान काढले तर ते कोणी पाळणार नाही, आणि पुढच्या रविवारी आम्हीच खाटेवर बसलेले दिसू. पण घरात वयस्क माणसे असतील तर भाग संपल्यावर संच बंद करून त्यांना विचारावे, तुमच्या वेळी देणे कसे लिहीत असत? बाबांनी आमच्या देखत नातवंडांना सांगितले तेव्हा थोरल्याने विचारले, मग तुम्ही त्याला मारले का नाही? बाबा हसले. म्हणाले, मारून शेत कोणाच्या नावावर झाले असते? त्या मुलाजवळ उत्तर नव्हते. मालिकेजवळही नव्हते.

पंधरा वर्षांची ती मुदत बाबांच्या कागदाला फार उरलेली नाही. पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही पुन्हा रनाळ्याला गेलो. बाबांनी पत्र्याच्या पेटीतून खरेदीखताची नक्कल काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली. या वेळी आम्ही ती पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचली, सीमा आणि चतुःसीमांसकट, आमच्या सहीपर्यंत. नंतर जिल्हा उपनिबंधकांच्या नावे अर्ज लिहायला घेतला. कर्ज किती, कधी घेतले, किती फेडले, कोणासमक्ष. साक्षीदाराच्या रकान्याशी आम्ही थांबलो, आणि तेथे आमचेच नाव घातले, सध्याच्या पत्त्यासह. मालिकेची वेळ झाली होती. मुलांनी संच लावला, पण आवाज अगदी बारीक ठेवला. थोरला नातू उठून आमच्याजवळ आला आणि अर्जावरील गट क्रमांक सातबाराशी ताडून पाहू लागला. एक आकडा आम्ही चुकीचा लिहिला होता.